औषध पाजूनही मेंढ्या खंगतात, आणि अहवालात नुसतं ‘++’

प्रश्न : एका वाचकाकडे ७० मेंढ्या, काही गायी आणि त्यांची वासरं आहेत. दर ३ महिन्यांनी सगळ्यांना एकच जंतनाशक पाजलं जातं. तरी पाऊस सरत आला की कोकरं वाढीत मागे पडतात आणि ४-५ मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज येते. यंदा २ मेंढ्या दगावल्या. त्यातल्या एकीला हगवण अजिबात नव्हती, म्हणून ती जंतांनी गेली असं त्यांना वाटत नाही. त्यांनी ६ जनावरांच्या लेंड्या आणि शेण एकाच पिशवीत भरून तपासायला दिलं. अहवाल आला : ‘स्ट्राँगाइल अंडी ++, लिव्हर फ्ल्यूक (यकृतातला चपटा कृमी) आढळला नाही’. कोकरांच्या लेंड्यांवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे मात्र रोज दिसतात. भाऊ म्हणतो, औषध बोगस आहे, डोस दुप्पट करू. वाचकाला वाटतं, तपासणीला काही अर्थ नाही, सरळ दर महिन्याला औषध द्यावं. ‘आम्ही नक्की कशावर भरवसा ठेवायचा?’

उत्तर : तुम्हा दोघा भावांचं भांडण औषधावरून चाललंय, पण गाडी त्याआधीच अडलेली आहे. ‘जंत आहेत का’ असं विचारलं तर चरायला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मेंढीबाबत उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते वेगळं : कोणता जंत, कोणत्या जनावरात, त्रास होईल इतका आहे का, आणि आपण देतो त्या औषधाने तो मरतो का. तुमच्या अहवालात यातल्या एकाचंही उत्तर नाही. दोष फक्त प्रयोगशाळेचा नाही. मेंढ्या, कोकरं आणि गायी एकाच पिशवीत कालवल्यावर कोणालाही याहून जास्त सांगता आलं नसतं.

आधी हगवण न लागता मेलेल्या मेंढीचं पाहू. जबड्याखाली सूज, अशक्तपणा आणि लेंड्या अगदी घट्ट, हे चित्र हिमोंकस या रक्तपित्या जंताशी तंतोतंत जुळतं. तो चौथ्या पोटात राहतो आणि एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खर्च करवतो. ५,००० जंत असले तर रोजचं २५० मिली रक्त गेलं, आणि ३५ किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं दोन-सव्वादोन लिटर. अशी मेंढी हगवण न लागताच मरते. हगवण लावणारे जंत वेगळे, त्यात ट्रायकोस्ट्राँगायलस मुख्य. म्हणून ‘हगवण नाही, म्हणजे जंत नाहीत’ हे गणित मेंढ्यांच्या बाबतीत सोडून द्या.

यासाठी पहिली तपासणी डोळ्याची, आणि ती तुम्ही स्वतः करायची. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं फामाचा कार्ड यासाठी वापरतात. त्यावर लाल (१) ते पांढराफटक (५) असे पाच रंग असतात. पद्धत अशी : एका हाताच्या अंगठ्याने वरची पापणी मिटवा, त्याच अंगठ्याने बुबुळ हलकेच आत दाबा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतला ओलसर पापुद्रा आपोआप बाहेर उमलतो. त्याचा सर्वात गडद दिसणारा भाग कार्डाशी ताडून पाहा, पापणीची कड नव्हे. हे दोन-तीन सेकंदांत उरकायचं, कारण पापणी उघडी धरून ठेवली की पापुद्रा लाल होऊ लागतो आणि आजारी मेंढी ठणठणीत दिसते. बघायचं उन्हात. गोठ्याच्या अंधारात, टॉर्चने किंवा स्वतःची सावली पाडून नाही. दोन्ही डोळे बघा आणि जो फिका तो आकडा धरा. ३ की ४ असा घोळ वाटला तर ४ लिहा. कार्डाचा रंग उन्हाने उडतो, त्यामुळे वर्षभर वापरलेलं कार्ड बदलायचं. ‘अंदाजाने कळतं मला’ असं म्हणणारे बहुतेक जण ३ आणि ४ मध्येच चुकतात, आणि औषध द्यायचं की नाही हे ठरतं तिथेच.

१ आणि २ आकड्याच्या मेंढ्यांना औषध नको. ४ आणि ५ ला त्याच दिवशी द्यायचं. ३ आकड्याच्या मेंढ्यांत कोकरं, गाभण, दूध पाजणाऱ्या आणि हाडं लागू लागलेल्या असतील तर त्यांनाही द्या. कळपात १०० पैकी १० पेक्षा जास्त मेंढ्या ४-५ मध्ये निघाल्या तर ३ च्या सगळ्याच घ्या. उबदार, ओलसर दिवसांत ही फेरी दर दोन आठवड्यांनी हवी. ३ महिन्यांचं अंतर या जंतासाठी फारच लांब आहे. लेंडीतून पडलेलं अंडं अनुकूल हवेत आठवड्याभरात गवतावर चढणारी अळी होतं, आणि पोटात गेलेली अळी साधारण ३ आठवड्यांत स्वतः अंडी घालू लागते. तुमच्या दोन डोसांच्या मधे त्याच्या तीन पिढ्या सहज होतात.

या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवा. ती रक्त कमी झालंय एवढंच सांगते. गोचीड, उवा, लिव्हर फ्ल्यूक, रक्तातले परजीवी यांनीही पापणी पांढरी पडते. उलट धूळ, माशा किंवा डोळ्याच्या आजाराने डोळा लाल झाला असेल तर फिकटपणा झाकला जातो. हगवण लावणारे जंत तर तिला दिसतच नाहीत. पापणी लालभडक आणि शेपटीमागची लोकर हगवणीने माखलेली, अशी मेंढी या फेरीत पास होईल. म्हणून पापणीबरोबर जबड्याखालची सूज, पाठीच्या कण्यावरचं मांस आणि शेपटीमागची लोकर हेही एका हाताने तपासून पुढे जा. सूज संध्याकाळी, कळप चरून आल्यावर बघा. दिवसभर मान खाली राहिल्याने पाणी तिथे उतरतं आणि रात्रीत बरंचसं ओसरतं, त्यामुळे सकाळी पाहणाऱ्याला सूज ‘नव्हतीच’ असं वाटतं. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला तर ते उतरलेलं पाणी. टणक गोळा लागला तर गळू किंवा गाठ, ती वेगळी गोष्ट. आणि हे कार्ड शेळ्या-मेंढ्यांचं आहे. गायींना लावू नका.

आता लेंड्या आणि शेण. नमुना जनावराप्रमाणे आणि गटाप्रमाणे वेगळा हवा : कोकरं एक गट, प्रौढ मेंढ्या दुसरा, वासरं तिसरा, गायी चौथा. प्रत्येक गटातली निदान १० जनावरं घ्या, आणि ती फक्त मरतुकडी निवडू नका. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. त्या दोन-चार जणी पिशवीत आल्या तर आकडा चढतो, नाही आल्या तर कळप निरोगी ठरतो. हातमोजा घालून, बोट ओलसर करून थेट गुदद्वारातून काढलेल्या ८-१० लेंड्या एका मेंढीला पुरतात. लहान कोकरांना त्रास नको असेल तर त्यांना स्वच्छ जागी अर्धा तास उभं करा आणि पडलेल्या गरम लेंड्या लगेच उचला. गायीचं २०-३० ग्रॅम शेण लागतं. जमिनीवर रात्रभर पडलेलं शेण काही कामाचं नाही, त्यात मातीतल्या अळ्या शिरलेल्या असतात.

पिशवीतली हवा दाबून काढा, घट्ट गाठ मारा आणि जनावराचा क्रमांक पिशवीवर लिहा. नमुना थंड ठेवायचा, पण गोठवायचा नाही. बर्फाला चिकटवून ठेवलं तर अंडी फुटतात. उन्हात दिवसभर राहिलं तर अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणाऱ्याला रिकामी टरफलंही दिसत नाहीत. अहवाल ‘निगेटिव्ह’ येण्याचं हे सर्वात साधं आणि सर्वात दुर्लक्षित कारण. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवून दोन दिवसांत तपासलं तर आकडा विश्वासाचा राहतो. फुप्फुसातल्या जंताची शंका असेल, म्हणजे जनावर खोकतंय, तर त्याच दिवशी पोचवा. त्यात अंडी नव्हे तर जिवंत अळ्या शोधतात, आणि त्यासाठी बेअरमन नावाची वेगळी पद्धत आहे. ती मागावी लागते.

प्रयोगशाळेकडून ‘+’ आणि ‘++’ घेऊ नका, आकडा घ्या. मॅकमास्टर स्लाइडवर एक ग्रॅम विष्ठेत किती अंडी (ईपीजी) हे मोजता येतं. ४ ग्रॅम लेंड्या ५६ मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करतात, गाळतात, स्लाइडचे दोन्ही कप्पे भरतात, ५ मिनिटं थांबतात आणि चौकटीतली अंडी मोजून ५० ने गुणतात. दोन्ही कप्पे मिळून ०.३ मिली द्रव मोजला जातो, म्हणून हा ५०. यात अंडं न दिसणं म्हणजे शून्य नव्हे, ‘५० च्या खाली’ एवढंच. सूक्ष्मदर्शक असलेल्या एखाद्या गटाला हे स्वतः करता येतं. मीठ गरम पाण्यात तळाशी थोडं न विरघळता उरेपर्यंत घालायचं (लिटरला साधारण ४०० ग्रॅम लागतं), गार करून वरचं पाणी घ्यायचं, घनता १.२० च्या आसपास हवी. पाणी पातळ झालं तर अंडी तरंगत नाहीत. कप्पा भरण्याआधी मिश्रण ढवळायचं राहिलं, तर अंडी वर गेलेली असतात आणि पिपेटमध्ये खालचं नुसतं पाणी येतं. कप्प्यात हवेचा बुडबुडा आला तर स्लाइड पुन्हा भरा. तासभर विसरलात तर मिठाचे खडे जमतात.

आकडा आला तरी तो एकटा वाचायचा नाही. मेंढीत ५०० च्या खाली सौम्य, १,५०० च्या वर जास्त, हा ढोबळ अंदाज. पण हिमोंकसची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते आणि ट्रायकोस्ट्राँगायलसची १००-२००. तेव्हा हिमोंकसचे ४०० आणि ट्रायकोस्ट्राँगायलसचे ४०० हे एकच नव्हेत, दुसऱ्या ४०० मागे कितीतरी जास्त जंत बसलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची अंडी सारखीच दिसतात, तुमच्या अहवालातला ‘स्ट्राँगाइल’ हा शब्द त्या सगळ्यांसाठी मिळून आहे. नेमकी जात हवी असेल तर अंड्यांपासून अळ्या वाढवून पाहतात. त्याला ७ ते १० दिवस लागतात, पण कळपात एकदा तरी ते करून घ्याच. व्यायच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती उतरते आणि आकडा आपोआप चढतो. कोकरांच्या वाट्याचं गवत तिथेच दूषित होतं, म्हणून त्या काळातला नमुना वेगळा ठेवा. पातळ हगवणीत मात्र आकडा पाण्याने विरळ होतो, म्हणजे खरा त्याहून जास्त.

गायींचं गणित निराळं. प्रौढ गायीच्या ईपीजीवरून पोटातले जंत किती हे सांगता येत नाही. आकडा बहुधा कमीच येतो, आणि त्यावरून औषध द्या किंवा देऊ नका असं ठरवणं चूक. पहिल्यांदाच चराईला गेलेल्या वासरांत तो कामाचा असतो. अगदी कोवळं वासरू किंवा रेडकू, पोट सुटलेलं, शेण मातकट आणि दुर्गंधी, असं असेल तर टॉक्सोकारा हा आतड्यातला गोल जंत तपासायला सांगा. तो आईच्या दुधातून येतो आणि वासराच्या शेणात साधारण ३ आठवड्यांनंतर सापडतो, गायीचं शेण तपासून तो कळत नाही. प्रौढ गाय चांगलं खाते, तरी महिनोन् महिने पातळ शेण आणि वाळत चाललीय, तर जंतांच्या मागे न लागता जोन्स रोगाची (Johne's, आतड्याचा जिवाणूजन्य रोग) तपासणी मागा.

‘लिव्हर फ्ल्यूक आढळला नाही’ या वाक्यावर मी अजिबात विसंबणार नाही. फ्ल्यूकची अंडी जड असतात, ती मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. तुमचा नमुना फक्त तरंगवून पाहिला असेल तर फ्ल्यूक सापडणारच नव्हता. त्यासाठी गाळ बसवायची पद्धत असते : ५ ते १० ग्रॅम शेण भरपूर साध्या पाण्यात कालवून गाळायचं, ४-५ मिनिटं स्थिर ठेवायचं, वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, पुन्हा पाणी घालायचं, आणि वरचं पाणी निवळशंख होईपर्यंत हेच. तळाच्या गाळात मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकला की चोथा निळा होतो आणि फ्ल्यूकचं अंडं सोनेरी पिवळं उठून दिसतं. तेवढंच मोठं, पण रंगहीन अंडं दिसलं तर तो पोटातला ॲम्फिस्टोम, फ्ल्यूकचाच भाऊबंद.

आणि ही पद्धत वापरली तरी एक भोक उरतं. फॅसिओला, म्हणजे हाच लिव्हर फ्ल्यूक, पोटात गेल्यापासून अंडी घालायला १० ते १२ आठवडे घेतो, त्याची मोठी जात आणखी जास्त. त्याआधीच कोवळे फ्ल्यूक यकृत पोखरत फिरतात, आणि मेंढी तेवढ्यातच मरू शकते. अशा मेंढीच्या लेंडीत एकही अंडं नसतं. ॲम्फिस्टोमचंही तसंच : पिल्लं लहान आतड्यात असताना घाणेरडी, पाण्यासारखी हगवण लागते, अंडी शून्य. मात्र ती हगवण पाण्यात कालवून गाळली तर काही मिलिमीटरचे गुलाबी कृमी डोळ्यांना दिसू शकतात. तुमच्या गायी आणि मेंढ्या एकाच पाणथळीवर, गोगलगायींच्या काठावर चरत असतील तर गायींचं शेण मुद्दाम गाळ पद्धतीने तपासा. गायी फ्ल्यूक घेऊन वर्षानुवर्षं बऱ्या दिसतात आणि काठावर अंडी टाकत राहतात.

ते पांढरे तुकडे मोनिझिया या पट्टकृमीचे. दिसायला भयंकर, पण त्रास बहुतेक वेळा नगण्य. ते दिसतात म्हणून औषध बदलायचं आणि न दिसणारा हिमोंकस तसाच ठेवायचा, असं खूप ठिकाणी चालतं. आयव्हरमेक्टिन पट्टकृमीवर चालतच नाही, त्यामुळे तुकडे दिसत राहिले म्हणून ते औषध बोगस ठरत नाही. ३ ते ८ आठवड्यांच्या कोकरांना रक्ती हगवण लागली तर आधी कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी आठवा. त्यांच्यावर जंतनाशकाचा उपयोग होत नाही.

पुढच्या वेळी मेंढी दगावली तर तीच सर्वात मोठी तपासणी आहे. फक्त एक अट : अचानक मृत्यू आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त असेल तर हात लावू नका, उघडू नका. तो काळपुळी असू शकतो आणि माणसालाही होतो, सरळ पशुवैद्यकांना कळवा. बाकी वेळी काही तासांच्या आत शवविच्छेदन करून घ्या. चौथं पोट लांबीत चिरलं की २-३ सेंटिमीटरचे, लाल-पांढऱ्या पिळाचे जंत अस्तरावर वळवळताना दिसतात. उशीर झाला तर ते सुटून अन्नात मिसळतात, मग आतला माल बादलीत धुऊन पाहावा लागतो. यकृत आडवं कापून पित्तनलिका दाबा : जाड, टणक नळ्या आणि त्यातून बाहेर येणारे पानासारखे चपटे कृमी म्हणजे जुना फ्ल्यूक. यकृतात रक्ताळलेले बोगदे म्हणजे कोवळा.

आता भावाचं म्हणणं. औषध काम करत नसेल ही शंका रास्त आहे, पण दुप्पट डोस हा तिचा इलाज नाही. लेव्हामिसोलमध्ये सुरक्षित आणि विषारी डोसातलं अंतर कमी आहे, आणि क्लोसँटेल जास्त झालं तर मेंढी आंधळी होते. आधी आपलीच बाजू तपासा. वजन डोळ्याने धरता का? बहुतेक जण १० किलो कमी धरतात. डोस गटातल्या सर्वात जड जनावराप्रमाणे ठेवा, फार फरक असेल तर दोन गट करा. औषध पाजायची गन १० वेळा मोजपात्रात दाबा : ५ मिलीवर लावलेली असेल तर ५० मिली भरलं पाहिजे. बाटली हलवली का, मुदत संपली का, औषध जिभेच्या मुळाशी गेलं की निम्मं थुंकलं गेलं, हेही बघा.

एवढं करून मग चाचणी घ्या. १० ते १५ मेंढ्यांना खुणा करा, प्रत्येकीचं वजन आणि ईपीजी घ्या, अचूक डोस पाजा आणि १४ व्या दिवशी त्याच मेंढ्यांचा ईपीजी पुन्हा मोजा. १४ दिवसच का, तर औषधानंतर पोटात गेलेली नवी अळी तोवर अंडी घालू शकत नाही. सापडलेली अंडी वाचलेल्या जंतांचीच. सरासरी ९०० वरून ३० वर आली तर घट जवळपास ९७ टक्के, औषध चाललं. ९०० वरून २७० वर आली तर ७० टक्के, म्हणजे त्या गटातल्या औषधाला तुमचे जंत दाद देत नाहीत. सुरुवातीची सरासरी २०० च्या खाली असेल तर चाचणी पुढे ढकला, एवढ्या कमी आकड्यावर टक्केवारी फसवी निघते. ९५ टक्क्यांखाली निघाली तर औषधाचा गट बदला, नुसतं नाव नाही. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेतलं तर तुम्ही त्याच गटात आहात.

दर महिन्याला सगळ्यांना औषध हा तुमचा पर्याय याच कारणाने नको. प्रत्येक फेरीत फक्त औषधाला न मरणारे जंत उरतात आणि कुरणात त्यांचीच अंडी पडतात. लाल पापणीच्या, अंगाने भरलेल्या मेंढ्या औषधाविना सोडल्या की औषधाला मरणारे जंतही कुरणात शिल्लक राहतात, ते तुमच्या फायद्याचंच.

आज काय करायचं, तर सूज असलेल्या आणि पांढऱ्या पापणीच्या मेंढ्या वेगळ्या काढा. त्यांचा नमुना घ्या, पण अहवालाची वाट न पाहता पशुवैद्यकांना विचारून लगेच औषध द्या, आजवर वापरलेल्या गटाबाहेरचं. त्यांना पळवू नका, लांब चारायला नेऊ नका, रक्त संपलेली मेंढी दमली की जागीच कोसळते. गाभण मेंढ्या असतील तर तेही सांगा, पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल चालत नाही. दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही हे लेबलवर पाहा. नमुन्यांबरोबर एक कागद जोडा : गट, वय, शेवटचं औषध कोणतं, कोणत्या तारखेला, किती मिली, पापणीचा आकडा, हगवण आहे की नाही. आणि त्यावर ठळक लिहा : ‘ईपीजी आकड्यात हवा, फ्ल्यूकसाठी गाळ पद्धतीने तपासावं.’